चित्रकथा : अभ्यासाची वैरीण की सखी?

'कॉमिक्स' हा शब्द आपल्याकडे सहसा कौतुकाने उच्चारला जात नाही. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'काय करणार! सदान्‌कदा कॉमिक्समध्ये डोके खुपसून बसलेला असतो' असे उत्तर आले, की विचारणारा आणि सांगणारा दोघेही एकाच वेळी उसासा टाकतात. ज्यांचे शालेय जीवन माझ्याप्रमाणे १९७० ते १९९० या काळात गेले, त्यांना वर्गात जप्त झालेले 'इंद्रजाल कॉमिक्स' आणि त्याबरोबर हातावर बसलेली पट्टी या दोन्ही गोष्टी आठवत असतील. पाठ्यपुस्तक म्हणजे अभ्यास, आणि चित्रांचे पुस्तक म्हणजे अभ्यासाची वैरीण, अशी सरळ विभागणी त्या काळी होती. आज कॉमिक्सची जागा मोबाईलने घेतली आहे. विभागणी मात्र तशीच कायम आहे. ही विभागणी चुकीची आहे, आणि तिचा तोटा आपल्याच मुलांना होतो, असे माझे मत आहे. ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न करतो.

मी इतिहासाचा अध्यापक आहे. कलाशाखेच्या प्रथम वर्षाच्या वर्गात दरवर्षी एक अनुभव येतो. दोन पानांचा उतारा वाचून त्याचा मथितार्थ सांगा म्हटले, की अर्ध्या वर्गाच्या माना खाली जातात. ही मुले मंदबुद्धीची आहेत असे कोणी समजू नये. घरची शेती, दूधसंस्थेचे हिशेब, धाकट्या भावंडांची शाळा हे सारे सांभाळून ती एस.टी.ने कॉलेजला येतात. पण ज्या वयात वाचनाची गोडी लागायची, ते वय त्यांच्या बाबतीत कोरडे गेले. घरात पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नव्हते, आणि पाठ्यपुस्तक हे मार्कांसाठी असते, आनंदासाठी नसते, असे त्यांना लहानपणीच समजले होते. ग्रामीण शिक्षणाची जी पाहणी 'असर' या नावाने ओळखली जाते, तिच्या २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी अवघ्या ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले तीन वर्षे मागे! हे वास्तव समोर असताना मुलाला वाचनाकडे ओढून आणणारे कोणतेही साधन हिणवून दूर लोटणे आपल्याला परवडणारे नाही.

चित्रकथा ही परदेशातून आलेली थिल्लर वस्तू आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. आजच्या कॉमिक्सचा साचा पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून आला, हे खरे. परंतु चित्रांची मालिका लावून गोष्ट सांगण्याची कला आपल्या मातीला नवी नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा भिंतीवर प्रसंगाप्रसंगाने रंगवलेली आहे. एकच राजपुत्र त्या भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो. ते अनेक राजपुत्र नसून एकाच राजपुत्राच्या आयुष्यातील वेगवेगळे क्षण आहेत, हे पाहणाऱ्याला कोणी न सांगता उमगते. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर हिंडतो. चित्रपट दाखवून कथा सांगणारे लोक त्या काळी इतके परिचयाचे होते, की हेराला ते सोंग सोयीचे वाटले! सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा आजतागायत जपली आहे. चित्रांच्या संचाला तेथे 'पोथी' म्हणतात. रामायण-महाभारतातील प्रसंगांचे एकेक चित्र समोर धरायचे, वाद्यांच्या साथीने त्याची कथा गायची आणि मग पुढचे चित्र काढायचे, अशी ती रीत. या परंपरेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ज्या समाजाला अक्षरओळख नव्हती, त्याला रामकथा आणि भारतकथा शिकवणाऱ्या माध्यमांत ही चित्रेही होती. तेव्हा चित्राने शिक्षण होत नाही, हे म्हणणे आपल्या पूर्वजांनाच मान्य झाले नसते.

आता चित्रकथा वाचताना मुलाच्या मनात नेमके काय घडते, ते पाहू. वरवर पाहता चित्र सारे काही सांगून टाकते आणि वाचणाऱ्याला डोके चालवावे लागत नाही, असे वाटते. खरे तर उलट आहे. पहिल्या चौकटीत एक मुलगा झाडावर चढतो आहे. दुसऱ्या चौकटीत तो जमिनीवर पडलेला आहे आणि शेजारी मोडकी फांदी आहे. फांदी मोडली, तोल गेला, तो खाली आला, यातले काहीही काढलेले नाही. ते सारे दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत घडले, आणि ते मुलानेच आपल्या मनात घडवले. अमेरिकन चित्रकथाकार स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ साली लिहिलेल्या आपल्या पुस्तकात या कोऱ्या जागेलाच चित्रकथेचा प्राण मानले आहे. कारण आणि कार्य यांचा संबंध जोडणे, दोन घटनांमधला काळ मोजणे, दिलेल्यावरून न दिलेले ओळखणे, यालाच आपण तर्कशक्ती म्हणतो. विज्ञानाचा प्रयोग असो, भूमितीचे प्रमेय असो वा इतिहासातील कारणमीमांसा असो, तेथे हीच शक्ती कामी येते. शिवाय शब्द आणि चित्र असे दोन्ही मार्गांनी मनात शिरलेली गोष्ट अधिक काळ टिकते, हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ॲलन पेव्हिओ यांच्या सिद्धांतावरून ठाऊक असेल. १९७१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी शाब्दिक स्मृती व प्रतिमास्मृती यांचा विचार सविस्तर मांडला. आपल्या आज्या ओव्यांबरोबर भिंतीवर आणि अंगणात चित्रे काढीत, त्यामागे सिद्धांत नव्हता, पण अनुभव होता.

भाषा या विषयापासूनच सुरुवात करू, कारण आक्षेपही तेथेच सर्वांत मोठा असतो. 'फुग्यांतली तुटक वाक्ये वाचून मुलांची भाषा काय सुधारणार?' असे विचारले जाते. या बाबतीत हेझ आणि आरेन्स या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेली मोजणी उद्बोधक आहे. रोजच्या वापरात क्वचित येणारे शब्द निरनिराळ्या ठिकाणी किती आढळतात, ते त्यांनी मोजले. सुशिक्षित प्रौढांच्या आपसातील संभाषणात हजार शब्दांमागे असे सुमारे १७ शब्द निघाले, मुलांच्या पुस्तकांत सुमारे ३१, आणि कॉमिक्समध्ये ५३ हून अधिक! ही मोजणी इंग्रजीची आहे. परंतु तिच्यामागचे कारण कोणत्याही भाषेला लागू पडावे असे आहे. बोलताना आपण ठरावीक शब्दांवर काम भागवतो. लिहिताना, विशेषतः थोड्या जागेत लिहिताना, नेमका शब्द शोधावा लागतो. आणि अनोळखी शब्द आला तरी शेजारी चित्र उभे असते. 'ढाल', 'चिलखत', 'तटबंदी', 'बुरूज', 'नांगर टाकणे', 'शीड उभारणे' हे शब्द आज किती मुलांच्या कानांवर पडतात? चित्रकथेत ते डोळ्यांसमोर उभे राहतात आणि शब्दकोश न उघडता कळतात.

आणखी एक लाभ आहे. संवाद लिहिण्याची कला मराठीच्या पेपरात विचारली जाते, परंतु ती शिकवली जाते कोठे? चित्रकथेतील राजा राजासारखा बोलतो, सेवक सेवकासारखा. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतला भेद तेथे प्रसंगातून कळतो. रागाचे वाक्य काटेरी फुग्यात, मनातला विचार ढगासारख्या फुग्यात, कुजबूज तुटक रेषेच्या फुग्यात हे पाहता पाहता मुलाला उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्ह यांचे प्रयोजन समजते. माझ्या पिढीतील कित्येकांनी 'चांदोबा' आणि 'इंद्रजाल'मधला वेताळ यांचे बोट धरून जोडाक्षरे पक्की केली आणि तेथून ते भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेकडे, पुढे नाथमाधव-हरिभाऊंकडे गेले. ही पायरी काढून घेतली तर वरचा मजला गाठायचा कसा?

आता माझ्या स्वतःच्या विषयाकडे वळतो. भारतात चित्रकथा आणि शिक्षण यांची सांगड घालण्याचे मोठे काम अनंत पै यांनी केले. १९६७ साली दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांची माहिती होती, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हे पाहून त्यांना 'अमर चित्र कथे'ची कल्पना सुचली, असे ते सांगत. त्या मालेतील 'कृष्ण' हे पुस्तक राम वाईरकरांनी चितारले. पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारखे कसलेले मराठी चित्रकारही या मालेत होते. पुढे शिवाजी, तानाजी, ज्ञानेश्वर, तुकाराम, टिळक, झाशीची राणी अशी शेकडो पुस्तके निघाली आणि अनेक भारतीय भाषांत गेली. १९७८ साली दिल्लीत शालेय शिक्षणातील चित्रकथेच्या स्थानावर परिसंवादही भरवण्यात आला. २०११ साली पै वारले, तेव्हा देशातील किमान दोन पिढ्यांचा इतिहास-पुराणांशी पहिला परिचय त्यांच्या पुस्तकांनी करून दिलेला होता.

या पुस्तकांनी काय शिकवले? सनावळ्या फारशा शिकवल्या नाहीत, परंतु काळाचे भान दिले. गुप्तकाळातील माणूस आणि पेशवाईतील माणूस एकसारखे कपडे घालीत नव्हते, एकसारख्या घरांत राहत नव्हते, हे पाठ्यपुस्तकातील परिच्छेद वाचून कळत नाही. ते पाहावे लागते. चित्रकाराला मात्र शिरस्त्राण, पगडी, पालखी, तोफ यांतले काहीही 'इत्यादी' म्हणून टाळता येत नाही. त्याला ते काढावेच लागते, आणि काढण्यापूर्वी शोधावे लागते.

अर्थात या मालेवर झालेली टीकाही मी येथे लपवून ठेवणार नाही. देव व वीर गोरेपान, राक्षस व खलपुरुष काळेसावळे; स्त्री बहुधा पतिव्रता नाहीतर वीरांगना; इतिहास म्हणजे थोरामोठ्यांची चरित्रे; या दोषांकडे अनेक अभ्यासकांनी बोट दाखवले आहे आणि त्यात तथ्य आहे. परंतु मला विचाराल तर, हा दोषच उत्तम अध्यापकाच्या हाती साधन होऊ शकतो. त्याचे एक उदाहरण देतो.

'अमर चित्र कथे'त १९७९ साली 'बाबासाहेब आंबेडकर' हे पुस्तक निघाले. चौकटीमागून चौकट, जन्मापासून पुढे, असा तो सरळ जीवनपट आहे. २०११ साली 'भीमायन' हे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत आणि संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची. पाणी, निवारा आणि प्रवास अशा तीन भागांत ते विभागले आहे. बाबासाहेबांच्या आठवणींतील प्रसंग त्यात आहेत. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांसह साताऱ्याहून गोरेगावला वडिलांना भेटायला निघतो. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही मुले कोणत्या जातीची ते कळताच गाडीवाले त्यांना नेण्यास नाकारतात. अखेर दुप्पट भाडे घेऊन, आणि बैल मुलांनीच हाकायचे या अटीवर, एक गाडी मिळते. जवळ अन्न असते, परंतु पाणी कोणी देत नाही, आणि मुलांना ती रात्र उपाशीच काढावी लागते. हा प्रसंग व्याम दांपत्याने चौकटी न आखताच रंगवला आहे. जखडून टाकणाऱ्या चौकटींत ही कथा त्यांना मांडायची नव्हती. आणि फुग्यांचे काय? मायेचे बोल पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात, आणि डंख मारणारे बोल ज्या फुग्यात येतात त्याला विंचवाची नांगी आहे!

ही दोन्ही पुस्तके मी वर्गात शेजारी शेजारी ठेवली. 'भीमायन'ची प्रत इंग्रजी असल्याने अर्थ मी सांगत गेलो. विद्यार्थ्यांना एवढेच विचारले, की एकाच माणसाची कथा दोघांनी निरनिराळी का सांगितली असेल? एरवी मान वर न करणारा वर्ग तो तास संपल्यावरही बोलत राहिला. कोणी म्हणाले, पहिले पुस्तक थोर पुरुषाचे आहे आणि दुसरे तहानलेल्या मुलाचे. एका विद्यार्थिनीने प्रश्न केला, की पहिले पुस्तक ज्यांच्यासाठी काढले ते वाचक कोण आणि दुसऱ्याचे कोण? कोणी सांगितले, केव्हा सांगितले, कोणासाठी सांगितले, काय गाळले, हे साधनचिकित्सेचे प्रश्न मी एरवी फळ्यावर लिहून देतो आणि मुले ते पाठ करतात. त्या दिवशी त्यांनी ते स्वतः विचारले. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहावरची त्यांची उत्तरे त्या वर्षी मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली. मसूर स्टेशनवरची तहान ज्याने पाहिली, त्याला चवदार तळ्याचे पाणी म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इतिहासाला हे जमेल, पण विज्ञान-गणिताचे काय, असे कोणी विचारील. बेल्जियन चित्रकार एर्जे यांची टिनटिनची चांद्रकथा पुस्तकरूपाने १९५३-५४ मध्ये आली, म्हणजे मानवाचे पाऊल चंद्रावर पडण्याच्या सुमारे पंधरा वर्षे आधी. तीत एक प्रसंग आहे. यानाचे इंजिन अचानक बंद पडते, आणि कॅप्टन हॅडॉकच्या पेल्यातील मद्य गोळा होऊन हवेत तरंगू लागते. पेला हाती घेऊन कॅप्टन त्या गोळ्यामागे धावतो! मुले हसतात. पण इंजिन चालू असताना वजन जाणवते आणि बंद पडताच का जाणवत नाही, द्रवाचा गोलच का होतो, हे प्रश्न त्या हसण्यातूनच निघतात. ते विचारणारा मुलगा भौतिकशास्त्राच्या दारात उभा असतो. दार उघडायला मात्र गुरुजी हवेत.

यंत्रज्ञानाचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अमेरिकन सैन्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरही एक अडचण होती. गाड्या व शस्त्रे यांची निगा कशी राखावी, याची जाडजूड पुस्तके शिपाई उघडीत नसत. तेव्हा विल आइस्नर या नामवंत चित्रकथाकाराला पाचारण करण्यात आले. १९५१ पासून निघालेल्या 'पी.एस.' या मासिकात त्याने तेलपाणी, वंगण, नटबोल्ट यांच्या कथा चितारल्या, आणि त्या वाचून शिपाई शिकले. जेथे चूक झाली तर गाडी रणांगणात बंद पडायची, तेथे चित्रकथा चालली. मग आपल्या सातवीच्या वर्गात चालायला काय हरकत आहे? जपानात तर सांख्यिकीसारख्या रूक्ष विषयावरही चित्रकथा लिहिल्या जातात. गणिताच्या बाबतीत माझा मुद्दा साधा आहे. शाब्दिक उदाहरण मुलाला सुटत नाही, ते बेरीज-वजाबाकी येत नाही म्हणून नव्हे. आधी काय घडले, मग काय घडले, हे त्याला डोळ्यांसमोर आणता येत नाही म्हणून ते अडते. हौदाला दोन नळ, एक भरणारा आणि एक रिकामा करणारा, हे उदाहरण तीन चौकटींत काढून पाहा म्हणावे. निम्मे काम चित्रच करून टाकते.

नागरिकशास्त्राबद्दल थोडे सांगून पुढे जातो. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना, ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बॉम्ब पडला. त्या अनुभवावर १९७३ पासून त्यांनी 'अनवाणी गेन' ही चित्रकथा लिहिली. अणुयुद्ध वाईट, हे वाक्य परीक्षेत कोणीही लिहील. ते वाईट म्हणजे काय, हे सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांनी दाखवायला ती चित्रेच लागली. आपल्याकडे शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' या संस्थेने सामान्य माणसांना, खेड्यातील तरुणांना आणि मुलांना चार चौकटींची भित्तिचित्रकथा काढायला शिकवले. गावातील पाणी, शाळा, बालविवाह असे प्रश्न घेऊन लोक स्वतःच कथा काढतात आणि गावातच भिंतीवर लावतात. येथे मूल वाचकाचे लेखक होते, आणि शिक्षणाची ती फार वरची पायरी आहे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा, की कॉमिक्समुळे मुले हिंसक आणि बेछूट होतात. या आक्षेपाचे मूळ बरेचसे फ्रेडरिक वर्थम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाच्या १९५४ सालच्या पुस्तकात आहे. त्यावरून अमेरिकेत केवढे वादळ उठले! सिनेटच्या समितीने सुनावण्या घेतल्या, प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. पुढे वर्थमचे मूळ कागद अभ्यासकांना खुले झाले. कॅरोल टिली या संशोधिकेने ते तपासून २०१२ साली दाखवून दिले, की मुलांची विधाने त्याने आपल्या सोयीने बदलली, जोडली आणि गाळली होती. रक्तपाताचे भडक कॉमिक्स चांगलेच असते, असे मी म्हणत नाही. वाईट कादंबऱ्या असतात म्हणून आपण कादंबरी हा प्रकार बंद करीत नाही, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. सगळे चित्रात दिसले तर मुलाची कल्पनाशक्ती खुंटेल, आणि केवळ अक्षरांचे पुस्तक त्याला नकोसे होईल. मुलाला आयुष्यभर चित्रकथाच देत राहिलो तर हे घडेल, यात शंका नाही. गडावर जाणाऱ्याने पहिल्या पायरीवरच मुक्काम ठोकू नये. नदीचे वर्णन वाचून स्वतःच्या गावची नदी मनात आणणे, हा आनंद शब्दच देऊ शकतात. म्हणून चित्रकथा पाठ्यपुस्तकाच्या जागी यावी असे माझे म्हणणे नाही. ती त्याच्या शेजारी असावी. गुरुजींनी 'हे वाचलेस ना? मग यातला हा भाग त्या जाड पुस्तकात अधिक आहे' असे म्हणून दुसरे पुस्तक पुढे करावे. हे करणारा माणूस नसेल, तर चित्रकथाच काय, उत्तम ग्रंथालयही निरुपयोगी आहे.

खरे दुःख निराळेच आहे. हा वाद घालायला आज मराठीत चित्रकथा उरल्या आहेत कोठे? 'इंद्रजाल कॉमिक्स' १९९० साली बंद पडले. 'चांदोबा'ही थांबला. 'बालभारती'ने १९७१ साली सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाने मुलांसाठी मोलाचे काम केले आणि १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झालेल्या 'चिंटू'ने घराघरांत जागा मिळवली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मुलासमोर टिनटिन, ॲस्टेरिक्स, 'टिंकल' आणि विज्ञानाच्या रंगीत चित्रकथा असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलाला मराठीतून असे किती मिळते? केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२१ साली 'एन.सी.ई.आर.टी.'च्या पाठ्यपुस्तकांवर आधारित शंभराहून अधिक चित्रकथा संगणकावर खुल्या केल्या. म्हणजे ज्या साधनाला आपण थिल्लर म्हणून हिणवत होतो, ते आता सरकारमान्य झाले! पण ज्याच्या घरी एकच मोबाईल आहे आणि तो दिवसभर वडिलांच्या खिशात असतो, त्या मुलाच्या हाती छापील पुस्तकच यायला हवे. कॉमिक्स वाचू नये असा उपदेश ज्याला मिळतो, त्याच्यापाशी बहुधा ते विकत घ्यायचे पैसेही नसतात. उपदेश फुकट मिळतो, पुस्तक मिळत नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रहो, काही सूचना करून हा लेख आवरतो. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी बालविभागात चित्रकथांचे एक कपाट ठेवावे आणि त्याला कुलूप लावू नये. शाळेतील शिक्षकांनी परीक्षेत एखाद-दुसरा प्रश्न असा घालावा, की रिकाम्या फुग्यांची चार चित्रे दिली आहेत, संवाद लिहा. किंवा बाष्पीभवनापासून पावसापर्यंतचा पाण्याचा प्रवास सहा चौकटींत काढा. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावी जाते. रस्ता करतो, झाडे लावतो, तसे त्या गावच्या शाळेच्या भिंतीवर तेथील मुलांकडून एक भित्तिचित्रकथा काढून घ्यावी. विषय गावाचाच असावा : गावच्या ओढ्याचा इतिहास, बाजारातला हिशेब, गावात पहिल्यांदा आलेली वीज. मराठीच्या विद्यार्थ्यांनी संवाद तपासावेत, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी नकाशा, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारून सन पक्के करावेत. खर्च रंगांच्या चार डब्यांचा. आणि तुमच्यापैकी ज्यांचा हात चित्रकलेत चालतो, त्यांनी मराठीत चित्रकथा काढाव्यात. वाचक वाट पाहत आहेत, फक्त ते दहा वर्षांचे असल्याने मागणी नोंदवायला येत नाहीत.

तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या शिक्षक होतील आणि जवळजवळ सगळे पालक होतील. तेव्हा एखादे पोर अभ्यासाच्या वहीत लपवून कॉमिक्स वाचताना तुम्हाला सापडेल. त्या वेळी ते हिसकावून घेण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसा आणि 'पुढे काय झाले?' एवढेच विचारा. ते जे उत्तर देईल त्यात भाषा असेल, क्रम असेल, कार्यकारणभाव असेल. ज्या गोष्टी शिकवण्यासाठी आपण त्याला शाळेत घातले, त्या त्याच्या तोंडून तुम्हाला तिथेच ऐकायला मिळतील.